बेचाळीस वर्षांचें आसन व त्याचा वारस

महोत्सवाच्या अंकांत संस्थापकांचीं चरित्रें येतात, कोनशिला कोणीं व केव्हां बसविली याचे दिनांक येतात, आणि आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावळी येते. नामावळींत एका नांवाखालीं दुसरें नांव छापलेलें असतें. त्या दोन नांवांच्या मध्यें जी कोरी जागा राहते तिच्याविषयीं मात्र सहसा कोणी कांहीं लिहीत नाहीं. एकानें आसन सोडलें व दुसऱ्यानें घेतलें तो काळ कसा गेला, जुन्या माणसाचें पुढें काय झालें, नव्यास मंडळींनीं कितपत मनापासून आपलें म्हटलें, हें सर्व त्या कोऱ्या जागेंत दडलेलें असतें. त्या जागेचा इतिहास सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. घरचें उदाहरण घेतलें असतां कोणाचें तरी मन दुखावण्याचा संभव. म्हणून आम्ही सातासमुद्रांपलीकडचें एक कॅथलिक विद्यापीठ व तेथील चेंडूचा खेळ घेतला आहे.

शिकागो शहरीं संत विन्सेंट डी पॉल यांच्या धर्मसंघानें १८९८ सालीं एक कॉलेज काढलें. १९०७ सालीं त्याचें डीपॉल विद्यापीठ झालें. हा धर्मसंघ म्हणजे खुद्द संत विन्सेंट यांनीं १६२५ सालीं फ्रान्समध्यें स्थापिलेला. धर्मग्रामांतून गोरगरिबांची विचारपूस करणारी संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आपल्या परिचयाची आहे, ती याहून निराळी. ती १८३३ सालीं पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती यांनीं सुरू केली. परंतु नांव एकाच संताचें असल्यामुळें हें विद्यापीठ वाचकांस अगदींच परकें वाटूं नये. येथें बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून रे मायर नांवाचे गृहस्थ १९४२ सालीं नेमले गेले, ते १९८४ सालीं निवृत्त झाले. बेचाळीस वर्षें! त्यांच्यामागून कोण, हा प्रश्न विद्यापीठानें कसा सोडविला आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, हीच आमच्या लेखाची हकीकत आहे.

प्रथम त्या पदाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत कॉलेजच्या प्रशिक्षकाचें स्थान आपल्याकडील व्यायामशिक्षकासारखें नसतें. तरुण खेळाडू निवडावयाचे, त्यांच्या घरीं जाऊन आईबापांची समजूत घालावयाची, त्यांस शिष्यवृत्ती देववावयाची आणि चार वर्षें त्यांस आपल्या हाताखालीं घडवावयाचें, हें सारें त्याच्याकडे असतें. सामन्यांस हजारों प्रेक्षक लोटतात. वर्तमानपत्रें दुसरे दिवशीं त्याच्याच नांवानें जय किंवा पराजय छापतात. माजी विद्यार्थ्यांचा संस्थेवरील लोभ पुष्कळदां संघाच्या यशाबरोबर वाढतो व ओसरतो. असा मनुष्य वीसतीस वर्षें एके ठिकाणीं टिकला म्हणजे लोक विद्यापीठास त्याच्या नांवानें ओळखूं लागतात. अध्यक्ष कोण, हें पुष्कळांस ठाऊकही नसतें.

हा खेळ तसा फार जुना नव्हे. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें भिंतीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून तो सुरू केला. नेस्मिथ हे प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राचे पदवीधर होते. १८९८ सालीं ते कॅन्सस विद्यापीठांत गेले व तेथील पहिले प्रशिक्षक झाले. गंमत अशी कीं, ज्यांनीं खेळ निर्माण केला त्यांच्याच पदरीं ५५ विजय व ६० पराभव पडले. १९०७ सालीं त्यांनीं आपली जागा फॉरेस्ट ॲलन या शिष्यास दिली. म्हणजे या खेळाच्या इतिहासांतील हा एक अगदीं आरंभींचा वारसा गुरूकडून शिष्याकडे गेलेला आहे. ॲलन मध्यंतरीं दूर गेले, १९१९ सालीं परत आले आणि १९५६ पर्यंत राहिले. त्या सालीं सत्तर वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमानें त्यांस उठविलें. आणि तें अशा वेळीं कीं, विल्ट चेंबरलेन हा अद्वितीय खेळाडू त्यांनीं नुकताच कॅन्ससला आणिला होता. त्याला शिकविण्याचें भाग्य ॲलन यांचे शिष्य व साहाय्यक डिक हार्प यांस लाभलें. १९५७ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यांत तीन वेळां जादा वेळ खेळून हार्प यांचा संघ ५४–५३ असा एका गुणानें हरला. तो एक गुण हार्प यांस पुढें कायमचा चिकटला. १९६४ सालीं त्यांनीं पद सोडलें. थोरल्या माणसाच्या मागून येणाऱ्यास लोक केवढ्या मापानें मोजतात, याची ही एक जुनी साक्ष.

आतां मायर यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म शिकागोंतच १८ डिसेंबर १९१३ रोजीं झाला. लहानपणीं धर्मगुरु व्हावें या इच्छेनें ते क्विग्ली सेमिनरींत शिकावयास गेले होते. पुढें ती वाट सोडून ते संत पॅट्रिकच्या शाळेंत आले व तेथून नोत्र दाम विद्यापीठांत गेले. तेथें ते संघनायक झाले. शिक्षण संपल्यावर कांहीं काळानें त्याच विद्यापीठांत जॉर्ज कीओगन या नामांकित प्रशिक्षकांचे ते साहाय्यक झाले. कीओगन यांस हृदयविकारानें ग्रासलें होतें. त्यांच्या दुखण्यांत संघ सांभाळण्याचें काम मायर यांच्याकडे येई. आसनाजवळ उभें राहून दुसऱ्याच्या नांवानें कारभार चालविणें कसें असतें, हें त्यांस तरुणपणींच कळलें होतें. डीपॉलनें त्यांस बोलाविलें तेव्हां त्यांचें वय २८ वर्षांचें होतें.

तेथें त्यांस जॉर्ज मायकन भेटला. सहा फूट दहा इंच उंची, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, चालतांना स्वतःच्याच पायांत अडखळणारा असा हा मुलगा. तोही एकदां क्विग्ली सेमिनरींत शिकलेला, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो. नोत्र दामनें त्याची परीक्षा घेऊन त्यास परत धाडलें होतें. मायर यांनीं त्याला दोरीवरच्या उड्या मारावयास लाविल्या, मुष्टियुद्धाचे हात करविले, पाय मोकळे व्हावेत म्हणून नृत्याचे धडेही देवविले. टोपलीखालीं उभें राहून एकदां उजव्या व एकदां डाव्या हातानें चेंडू घालीत राहण्याचा जो अभ्यास त्यांनीं त्याच्याकडून करविला, तो अद्यापि मायकनच्याच नांवानें मुलांस शिकवितात. १९४५ सालीं न्यूयॉर्क येथील निमंत्रितांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत ऱ्होड आयलंडविरुद्ध डीपॉलनें ९७ गुण केले व प्रतिपक्षानें ५३. त्या ९७ पैकीं ५३ एकट्या मायकनचे होते. मग अंतिम सामन्यांत बोलिंग ग्रीनचा ७१–५४ असा पराभव करून डीपॉलनें ती स्पर्धा जिंकली. मायर यांच्या तिसऱ्याच हंगामांत हें घडलें. पुढच्या एकोणचाळीस हंगामांत अशा तोलाचें अजिंक्यपद त्यांच्या हातीं पुन्हां आलें नाहीं.

हें वाक्य आम्हीं मुद्दाम लिहिलें आहे. कारण मायर यांचें थोरपण अजिंक्यपदांच्या संख्येवर उभें नव्हतें. एक जुनें नाट्यगृह त्यांच्या संघाचें क्रीडागृह होतें. विद्यार्थी त्यास ‘कोठार’ म्हणत. १९५६ सालीं नवें सभागृह झालें. कांहीं हंगाम चांगले गेले, कांहीं अगदींच वाईट गेले, परंतु मायर तेथेंच राहिले. मोठमोठ्या सरकारी विद्यापीठांशीं टक्कर देणारें हें शहरांतलें, मध्यमवर्गीयांच्या मुलांचें विद्यापीठ. त्याच्या पदवीधरांच्या तीन पिढ्यांस प्रशिक्षक म्हटलें म्हणजे एकच चेहरा आठवे.

म्हातारपणीं त्यांचें भाग्य पुन्हां उजळलें. १९७९ सालीं, वयाच्या ६५ व्या वर्षीं, त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोंचला आणि इंडियाना स्टेटकडून ७६–७४ असा हरला. त्याच वर्षीं नेस्मिथ यांच्या नांवच्या कीर्तिमंदिरांत मायर यांस स्थान मिळालें. मार्क अग्वायर, टेरी कमिंग्स असे खेळाडू त्या काळीं डीपॉलमध्यें होते. १९८०, १९८१, १९८२ अशीं लागोपाठ तीन वर्षें डीपॉलचा संघ आपल्या विभागांत पहिल्या मानानें स्पर्धेंत उतरला, आणि तिन्ही वेळां आपला पहिलाच सामना हरून घरीं आला. १९८१ चा पराभव तर ४९–४८ असा, फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफकडून. १९८२ चा बॉस्टन कॉलेजकडून. दोन्ही संस्था येशूसंघीयांच्या. तेव्हां घरांतल्यांनींच घरच्यांस पाडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९८३–८४ चा हंगाम मायर यांचा शेवटचा. पहिले सतरा सामने ओळीनें जिंकून संघ जोरांत होता. मार्चमध्यें सेंट लुइस येथें वेक फॉरेस्टशीं गांठ पडली. बरोबरी झाली, जादा वेळ खेळला गेला आणि डीपॉल ७३–७१ असा हरला. बेचाळीस वर्षांत ७२४ विजय व ३५४ पराभव, एवढा हिशेब मागें ठेवून सत्तर वर्षांचा हा गृहस्थ उठला.

त्यांच्या जागीं जोई मायर यांची नेमणूक झाली. जोई हे त्यांचे पुत्र.

येथें घाईनें निकाल देणें बरें नव्हे. जोई हे कांहीं केवळ पुत्र म्हणून आलेले नव्हते. ते १९७१ पर्यंत त्याच संघांत खेळले होते आणि पुढें सुमारें दहा वर्षें पित्याचे साहाय्यक होते. उतारवयांत मायर यांस जें यश मिळालें त्यांत, नवे खेळाडू हेरून आणणाऱ्या या पुत्राचा वांटा मोठा होता. खेळाडूंस ते परिचित, माजी विद्यार्थ्यांस ते प्रिय, शिकागोच्या शाळांत त्यांचें जाणेंयेणें. बाहेरच्या कोणास बोलावून नवा डाव मांडण्यापेक्षां चालत्या घराची किल्ली घरच्या माणसाच्या हातीं द्यावी, असें विद्यापीठास वाटलें तर त्यांत नवल काय? प्रेषितांनीं यहूदाच्या जागीं बारावा माणूस नेमतांना हीच कसोटी लाविली होती कीं, तो आरंभापासून आपल्यांत वावरलेला असावा. मात्र तेथें नांवें दोन पुढें ठेविलीं गेलीं, योसेफ बर्सबा व मथिया. डीपॉल येथें वारस सर्वांच्या मनांत आधींच ठरून गेलेला होता.

आणि खरी अडचण याच ठिकाणीं होती. जोई यांनीं त्यापूर्वीं दुसऱ्या कोणत्याही कॉलेजांत मुख्य प्रशिक्षकाचें काम केलेलें नव्हतें. त्यामुळें ते योग्यतेनें आले कीं रक्तानें आले, हा प्रश्न सोडविण्याचें साधनच कोणाजवळ नव्हतें, त्यांच्याजवळही नव्हतें. आपल्याकडे पाटीलकीचें वतन बापाकडून मुलाकडे जाई, त्यांत मुलाच्या लायकीची चर्चा होत नसे. वतन म्हणजे वतन. चाकरीची नेमणूक निराळी. ती माणूस पाहून देतात व काम पाहून काढून घेतात. जोई यांस जें मिळालें तें दिसावयास वतन होतें, पण कागदोपत्रीं चाकरी होती. मोशेला गेर्षोम व एलियेजर असे दोन पुत्र होते. तरी लोकांपुढें हात ठेवून त्यानें नेमला तो यहोशवा. शमुवेलानें आपल्या पुत्रांस न्यायाधीश केलें आणि लोक त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें घेऊन आले. जोई यांची गोष्ट शमुवेलाच्या पुत्रांसारखी मुळींच नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. त्यांच्या प्रामाणिक कष्टांविषयीं शंका घ्यावयास जागा नाहीं. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, पुत्र योग्य असला तरी पुत्रत्वाचें ओझें त्याच्या पाठीवरून उतरत नाहीं.

आरंभ तर उत्तम झाला. १९८६–८७ च्या हंगामांत जोई यांच्या संघानें २८ सामने जिंकले व अवघे ३ गमावले. पहिल्या आठ वर्षांत सात वेळां संघ राष्ट्रीय स्पर्धेंत खेळला. थोरले मायर घरीं बसले नव्हते. विद्यापीठाच्या अध्यक्षांचे खास साहाय्यक म्हणून त्यांजकडे काम होतें. शिवाय डीपॉलच्या सामन्यांचें रेडिओवर विवेचन करण्यास ते बसत. पुत्र खालीं खेळाडूंच्या बांकावर, पिता वर ध्वनिक्षेपकापुढें! पित्यानें पुत्राची स्तुति केली तर लोक हंसणार, चूक दाखविली तर दुसरे दिवशीं बातमी होणार. अशीं तेरा वर्षें गेलीं. १९९२ नंतर संघाची उतरती कळा लागली आणि १९९६–९७ मध्यें २६ सामन्यांपैकीं ३ विजय व २३ पराभव अशी दैना झाली. त्या वसंतऋतूंत जोई यांस पद सोडावें लागलें.

थोरल्या मायर यांनीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, रागानें विद्यापीठाशीं असलेला संबंध तोडला. १९४२ पासून १९९७ पर्यंत पंचावन्न वर्षें ज्या दारांतून ते आंतबाहेर करीत होते, त्या दाराकडे त्यांनीं पाठ फिरविली. विद्यापीठाचे अध्यक्षही विन्सेंटीय धर्मगुरूच होते. अशा निर्णयावर सही करतांना त्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना ज्याला संस्था चालवावी लागली आहे त्यालाच येईल.

यांत दोष कोणाचा? जोई यांस दूर करण्याचा विद्यापीठास अधिकार होता, आणि २३ पराभवांचा आंकडा समोर असतां तो वापरला म्हणून त्यास अन्यायी म्हणतां येत नाहीं. पुत्राचा अपमान पित्यास सहन झाला नाहीं, यांतही अस्वाभाविक कांहीं नाहीं. आमच्या मतें चूक १९९७ च्या निर्णयांत कमी व १९८४ च्या व्यवस्थेंत अधिक होती. त्या सालीं मायर यांनीं आसन सोडलें खरें, परंतु त्यांचें जाणें पुरें झालें नाहीं. अध्यक्षांच्या कचेरींत ते होते, रेडिओवर ते होते, आणि आसनावर त्यांचेंच आडनांव होतें. तीन दोऱ्या एकाच गांठींत बांधल्या गेल्या. एक कापावयाची पाळी आली तेव्हां तिन्ही एकदम सुटल्या.

इतरत्र काय घडलें तें पाहिलें असतां ही गोष्ट अधिक उघड होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत जॉन वुडन यांनीं १९४८ ते १९७५ या सत्तावीस वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं, तींही अखेरच्या बारा वर्षांत. त्यांच्यामागून जीन बार्टो हे बाहेरचे गृहस्थ आले. दोन हंगामांत त्यांनीं ५२ सामने जिंकले व ९ हरले, पहिल्याच वर्षीं शेवटच्या चारांत गेले; तरी लोकांचें समाधान होईना, म्हणून १९७७ सालीं ते अलाबामा प्रांतांत एका नव्या संघाचा पाया घालावयास निघून गेले. त्यांच्यामागून आणखी चार जण आले व गेले. पुढलें अजिंक्यपद १९९५ सालीं आलें, तेव्हां वुडन यांच्यामागचे सहावे प्रशिक्षक आसनावर होते. बार्टो यांस ना पिता होता ना आडनांवाचें ओझें. तरीही त्यांस तेथें राहवलें नाहीं. तेव्हां परका माणूस आणला म्हणजे सर्व सुरळीत होतें, असेंही समजूं नये.

मिल्वॉकी येथील मार्क्वेट हें येशूसंघीयांचें विद्यापीठ. तेथील अल् मॅग्वायर यांनीं १९७६ च्या डिसेंबरांत, हंगाम ऐन भरांत असतां, आपण जाणार असें जाहीर केलें. आणि २८ मार्च १९७७ रोजीं नॉर्थ कॅरोलायनाचा ६७–५९ असा पराभव करून अजिंक्यपद घेऊनच ते गेले. त्यांच्यामागून हँक रेमंड्स आले. हे त्यांचे साहाय्यक, आणि मौज अशी कीं वयानें मॅग्वायर यांच्याहून वडील. सहा वर्षांत १२६ विजय व ५० पराभव अशी कामगिरी करून त्यांनीं स्वतःच जागा मोकळी केली. मॅग्वायर दूरचित्रवाणीवर गेले. रेमंड्स यांच्या कारभारांत त्यांचा हात राहिला नाहीं. तसेंच नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ. छत्तीस वर्षें व ८७९ विजय झाल्यावर १९९७ च्या ऑक्टोबरांत, हंगाम तोंडावर आला असतां, त्यांनीं निवृत्ति जाहीर केली. इतक्या उशिरां बाहेरचा मनुष्य शोधणें शक्य नव्हतें. तीस वर्षें त्यांच्या शेजारीं बसलेले बिल गथ्रिज यांसच आसन द्यावें लागलें. कोणी याला धोरण म्हणतील, कोणी चलाखी. गथ्रिज यांनीं तीन वर्षांत दोनदां संघास शेवटच्या चारांत नेलें व ते शांतपणें निवृत्त झाले. रेमंड्स काय किंवा गथ्रिज काय, दोघेही उतारवयाचे होते, दोघांसही आपण मधला पूल आहोंत हें ठाऊक होतें, आणि पुलावर कोणी घर बांधीत नाहीं.

परंतु डीपॉलशीं खरें ताडून पाहण्याजोगें उदाहरण म्हणजे वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठाचें. हेंही येशूसंघीयांचें, १७८९ सालीं स्थापन झालेलें. ज्या १९८४ सालीं मायर उठले त्याच सालीं येथील जॉन थॉम्प्सन यांनीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. तें मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. सत्तावीस वर्षें काम करून जानेवारी १९९९ मध्यें, हंगामाच्या मध्यांतच, त्यांनीं पद सोडलें. त्यांच्या जागीं साहाय्यक क्रेग एशरिक आले व २००४ पर्यंत राहिले. मग थॉम्प्सन यांचे पुत्र, तिसरे जॉन थॉम्प्सन, यांस बोलाविण्यांत आलें. हे पुत्र चार वर्षें प्रिन्स्टन येथें मुख्य प्रशिक्षक होते; तेथें त्यांनीं स्वतःच्या नांवानें जय व पराजय दोन्ही सोसले होते. शिवाय पिता व पुत्र यांच्यामध्यें पांच वर्षें व एक तिसरा माणूस उभा होता. २००७ सालीं त्यांचा संघ शेवटच्या चारांत पोंचला, जें जोई यांस साधलें नव्हतें. तरीही दोन वाईट हंगामांनंतर २०१७ सालीं त्यांसही जावें लागलें. १९८४ ते १९९७, २००४ ते २०१७. दोन्ही पुत्रांच्या वांट्यास बरोबर तेराच वर्षें यावीं, हा काळाचा खेळच म्हणावयाचा.

अलीकडचींही उदाहरणें आहेत. ऑगस्टिनियन संघाच्या व्हिलानोवा विद्यापीठांत जे राइट यांनीं २०१६ व २०१८ सालीं अजिंक्यपदें मिळवून २०२२ सालीं निवृत्ति घेतली. त्यांचे पूर्वीचे साहाय्यक काइल नेपच्यून एक वर्ष अन्यत्र प्रशिक्षक राहून आले होते, तरी तीन हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेचें दार न उघडल्यामुळें २०२५ सालीं त्यांस निरोप मिळाला. ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेफ्स्की हे शिकागोच्या एका पोलिश कॅथलिक घराण्यांतले. त्यांनींही मायर यांच्याप्रमाणें एकाच विद्यापीठांत बेचाळीस हंगाम काढले. परंतु २०२१ च्या जूनमध्येंच त्यांनीं वारसाचें नांव, जॉन शायर, जाहीर करविलें व एक वर्षानें आसन त्याच्या हातीं दिलें.

ख्रिस्तसभेंत पदें वंशपरंपरेनें जात नाहींत, हें आपलें मोठें सुदैव. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें पंच्याहत्तर वर्षें पुरीं होतांच महागुरुस्वामींनीं आपला राजीनामा परमगुरूंकडे पाठवावयाचा असतो. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनींही तो आपल्या महागुरुस्वामींकडे द्यावयाचा असतो. कॅन्ससचा सत्तर वर्षांचा नियम क्रूर वाटला तरी त्यांतला हेतु हाच होता, कीं उठावें केव्हां हें उठणाऱ्याच्या मनावर सर्वस्वीं सोडूं नये. २०१३ सालीं परमगुरु सोळावे बेनेडिक्ट स्वेच्छेनें पायउतार झाले व व्हॅटिकनमधील एका मठांत प्रार्थनेंत राहिले. पायउतार झाल्यावर राहावें कोठें व बोलावें किती, हा प्रश्न त्यांच्यापुढेंही होता. आणि डिसेंबर २०२२ मध्यें ते निवर्तेपर्यंत त्याची चर्चा थांबली नाहीं. मग चेंडूच्या खेळांतल्या एका वृद्धास तो नीट सुटला नाहीं, याचें आश्चर्य कां करावें?

मायर यांचा राग मात्र शेवटपर्यंत राहिला नाहीं. १९९९ सालीं विद्यापीठानें आपल्या आवारांत नवी व्यायामशाळा उघडली व तिला रे मायर यांचें नांव दिलें. २००३ सालीं, ज्या भव्य क्रीडागृहांत त्या वेळीं डीपॉलचे सामने होत, तेथील खेळाच्या फरशीस ‘रे व मार्ज मायर’ असें नांव दिलें. मार्ज या त्यांच्या पत्नी. जिनें बेचाळीस वर्षें घर सांभाळलें आणि मग पुत्रास पतीच्या आसनावर बसलेला पाहिलें, तिचें नांव तेथें आलें हें आम्हांस विशेष योग्य वाटतें.

जोई यांनीं खेळ सोडला नव्हता. धंदेवाईक संघांची जी दुय्यम श्रेणी नव्या खेळाडूंकरितां असते तींत ते नॉर्थ कॅरोलायनांतील ॲशव्हिल या लहानशा गांवाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघानें २००४ व २००५ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्या श्रेणीचें अजिंक्यपद जिंकलें. त्या गांवीं आधींचा कोणी मायर होऊन गेलेला नव्हता. थोरले मायर तेव्हां नव्वदी ओलांडून गेले होते. पुत्राचा हा दोन वेळांचा विजय त्यांच्या हयातींत झाला. १७ मार्च २००६ रोजीं, संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशीं, ९२ व्या वर्षीं ते वारले. जोई २९ डिसेंबर २०२३ रोजीं निवर्तले.